घरच्या घरी फ्री डिश: बसवण्यापासून सिग्नल पक्का करण्यापर्यंत

डीडी फ्री डिशचा बॉक्स, दोन फुटी डिश, एलएनबी (डिशसमोरच्या हाताच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि केबल असा संच तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो. बसवायला माणूसही मिळतो. पण वाडीवस्तीवर राहणाऱ्यांना ठाऊक असतं, की तो माणूस ‘उद्या येतो’ म्हणतो आणि उद्या काही उजाडत नाही. शिवाय पावसाळ्यात वाऱ्याने डिश जरा सरकली, की पुन्हा त्याच्यामागे फोन सुरू. हे काम एकदा स्वतःच्या हाताने केलं, तर दुसऱ्यांदा कुणाला बोलवावं लागत नाही. पाना, ड्रिल आणि थोडा धीर एवढं पुरतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढची सगळी खटपट तिच्यासाठीच आहे. पूर्वीच्या अँटेनावर सिग्नल कमी असला तर चित्रात मुंग्या यायच्या, म्हणजे टीव्ही स्वतःच सांगायचा की अजून फिरवा. डिजिटल चित्र तसं सांगत नाही. सिग्नल जेमतेम असला तरी ते स्वच्छ दिसतं आणि थोडा कमी झाला की एकदम जातं. चित्र आलं, बोल्ट आवळले आणि खाली उतरले, अशा डिशा मे महिन्यात झकास चालतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला बंद पडतात. चित्र आल्यानंतरच खरं काम सुरू होतं.

नेम कशावर धरायचा?

फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर 2004 मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक भाडं नाही, एकदा सामान घेतलं की झालं. तिचे कार्यक्रम सध्या जीसॅट-15 या इस्रोच्या उपग्रहावरून येतात. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून 11 नोव्हेंबर 2015 रोजी एरियन-5 रॉकेटने तो सोडला गेला. विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर तो असतो. पृथ्वीच्या फिरण्याच्याच वेगाने फिरत असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळलेला भासतो, म्हणून डिश एकदा रोखली की रोज फिरवावी लागत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातून पाहिलं तर हा उपग्रह आग्नेयेला आहे, आणि बराच उंच. प्रत्येक गावाचे कोन थोडे वेगळे. खालच्या आकड्यांत पहिला दिशेचा, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला. दुसरा क्षितिजापासून उंचीचा. तिसरा एलएनबी किती तिरका ठेवायचा त्याचा.

मुंबई: 131, 57.5, 45
पुणे: 132, 59, 45
नाशिक: 134, 57.5, 43
छत्रपती संभाजीनगर: 136, 59, 41
सोलापूर: 134, 61, 43
कोल्हापूर: 129, 60, 48
नागपूर: 145, 60, 33
पणजी: 127, 61, 50

तुमचं गाव यांपैकी दोन शहरांच्या मध्ये असेल तर मधला आकडा धरा. सुरुवातीला एवढं पुरतं, बारीक फरक बॉक्स सांगेल.

शेजाऱ्यांच्या डिशा बघून अंदाज घ्यायचा असेल तर जपून. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहे, एअरटेलचा 108.2 वर. मुंबईत टाटाची डिश 151 अंशांकडे बघते आणि बरीच वर. एअरटेलची 115 कडे, म्हणजे जास्त पूर्वेला आणि बरीच खाली. तुमची या दोघींच्या मध्ये कुठेतरी येणार. डिश टीव्हीचा उपग्रह मात्र 95 अंश रेखांशावर, जवळजवळ तिथेच. त्या कंपनीच्या डिशशेजारी आपली डिश समांतर लावली तर नेम बऱ्यापैकी जवळ येतो, पण चुकीच्या उपग्रहावर अडकण्याची भीतीही तिथेच सर्वांत जास्त.

जागा

आग्नेयेला आकाश मोकळं हवं. किती मोकळं, याचा सोपा हिशोब आहे. उंची 58 अंश धरली तर डिशपासून 10 फूट लांब असलेली भिंत किंवा झाड डिशच्या पातळीपेक्षा 16 फुटांपर्यंत उंच असलं तरी चालतं. 20 फूट लांब असेल तर 32 फूट. म्हणजे अंतराच्या दीडपटीहून थोडी जास्त. अगदी काठावरचा हिशोब मात्र करू नका. माड, पोफळी, शेवगा, सगळी वाढतात, आणि भिजलेली पानं सिग्नल चांगलाच खातात.

रस्ता मोकळा आहे की नाही हे सूर्यही सांगतो. साधारण 10 ते 14 मार्च आणि 29 सप्टेंबर ते 3 ऑक्टोबर या दिवसांत आपल्याकडून पाहताना सूर्य रोज काही मिनिटं बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आसपास, ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराला पाच कमी असताना. त्या वेळी निवडलेल्या जागेवर ऊन पडत असेल तर मधे काहीही नाही, सावली असेल तर जागा बदला. त्याच मिनिटांत चालू डिशचं चित्रही जातं, कारण सूर्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. ते आपोआप परत येतं. अशा वेळी पाना घेऊन वर धावू नये.

सिग्नल एवढ्या वरून येत असल्यामुळे डिश उंच चढवण्याची हौस बाळगायचं कारण नाही. उंचीने सिग्नल वाढत नाही. कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल तर छपरावर चढूच नका. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. अंगणाच्या कडेला जमिनीत पाइप गाडून लावलेली डिश तितकीच चालते, आणि पुसायला-जुळवायला हाताशी राहते. फक्त गुरंढोरं आणि क्रिकेट यांच्यापासून आडोसा बघा.

स्लॅबची गच्ची असेल तर स्लॅबला भोक पाडणं टाळा. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत ओल उतरते, आणि फुकटातली डिश महाग पडते. कठड्याची आतली बाजू चांगली, तीही काँक्रीटची किंवा पक्क्या विटांची असेल तर. भुसभुशीत प्लास्टरमध्ये फास्टनर (भिंतीत भोक पाडून बसवायचा बोल्ट) धरत नाही. तेही नको असेल तर रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा घ्या, मधोमध पाइप उभा करून काँक्रीट भरा. सुकल्यावर त्याचं वजन 45 किलोच्या पुढे जातं. दोन फुटी डिशवर ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर 15 ते 20 किलो पडतो, म्हणून डबा कोपऱ्यात ठेवून दोन बाजूंनी विटांनी अडवावा. कोकण किनाऱ्यावर मी तरी डब्यावर भिस्त ठेवणार नाही. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात काय काय उडालं ते लोकांनी पाहिलंय. तिथे भिंतीतला फास्टनर किंवा जमिनीत गाडलेला पाइपच.

विजेच्या तारा जवळून जात असतील तर ती जागा सरळ सोडा. हातातला लोखंडी पाइप तारेला लागणं ही या कामातली सर्वांत वाईट गोष्ट. सोसायटीत राहत असाल तर गच्चीसाठी आधी विचारून घ्या, नंतरचे वाद वाचतात.

सामान

बॉक्स घेताना एमपेग-4 (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणारा घ्या. जुना एमपेग-2 चा बॉक्स स्वस्त मिळतो, पण त्यावर सगळे चॅनेल दिसत नाहीत. एलएनबी ‘युनिव्हर्सल’ असावा, त्यावर 9750/10600 असे आकडे छापलेले असतात. घरात एखाद्या कंपनीची बंद पडलेली दोन फुटी डिश गंजत असेल तर ती खुशाल वापरा. डिशला कंपनी कळत नाही. त्या कंपनीचा बॉक्स मात्र इथे चालणार नाही.

केबल आरजी-6, तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा असलेली गाभ्याची तार आणि दाट जाळी असलेली. डिशपासून टीव्हीपर्यंत 20 मीटरच्या आत भागवता आलं तर उत्तम, 30 च्या पुढे शक्यतो नकोच. मधे जोड नको. बाकी केबलच्या टोकांना लावायचे एफ कनेक्टर चार (दोन लागतात, दोन बिघडतात), 13 नंबरचा पाना, हॅमर ड्रिल, फास्टनर आणि त्याच्या मापाचं बिट, केबलच्या क्लिपा, रबर टेप, पेन्सिल, आणि ओळंबा. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधा.

बीप करणारं छोटं सॅट फाइंडर बाजारात स्वस्तात मिळतं. घ्यायचं तर घ्या, पण ते कुठल्याही उपग्रहावर वाजतं. एवढंच काय, डिश भिंतीकडे किंवा झाडाकडे वळवली तरी काटा चढतो, कारण त्या वस्तूंची उष्णताही एलएनबीला गोंगाट म्हणून ऐकू येते. कोणता उपग्रह लागला हे फक्त बॉक्स सांगू शकतो.

पाइप

इथे घाई केली तर पुढे तासभर भोगावं लागतं. पाइप बरोबर ओळंब्यात उभा हवा. एका बाजूने पाहा, मग काटकोनात जाऊन दुसऱ्या बाजूने पाहा. पाइप कललेला असेल तर डिश आडवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, आणि मग एक कोन धरायला जावं तर दुसरा सुटतो. भिंतीवरच्या वाकड्या स्टँडमध्येही वरचा उभा तुकडा सरळ असला पाहिजे, भिंतीला टेकलेली पट्टी कशीही असो. गरज पडली तर पट्टीमागे वॉशर घालून सरळ करा.

फास्टनर आवळून झाल्यावर पाइपला दोन्ही हातांनी धरून हिसका द्या. जरासाही हलला तर पुन्हा करा. याचं कारण आकड्यात सांगतो. दोन फुटी डिशची कड 5 मिलिमीटर सरकली की नेम 1 अंशाने हलतो. या मापाच्या डिशचा पट्टा, म्हणजे ती आकाशाचा जेवढा भाग पाहते तो, सुमारे 3 अंश रुंद असतो. मध्यापासून दीड अंश ढळलं की सिग्नल निम्मा होतो. म्हणजे कडेला पाऊण सेंटिमीटर. पाइप हलका असेल तर एवढं वाराच करतो.

जोडणी आणि केबल

डिश, हात आणि ब्रॅकेट जमिनीवरच जोडा. बोल्ट इतपतच आवळा, की डिश हाताने ढकलल्यावर हलावी, सोडल्यावर पडू नये.

केबलचं टोक सोलताना बाहेरचं काळं आवरण दीड सेंटिमीटर काढा. जाळी मागे उलटी दुमडा. आतलं पांढरं आवरण 7-8 मिलिमीटर सोला आणि कनेक्टर फिरवत बसवा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर 2-3 मिलिमीटर दिसावी. जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला चिकटला तर शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीजच पोचत नाही. ‘डिश लागतच नाही’ अशा तक्रारींत हा तंतू फार वेळा सापडतो, म्हणून डोळ्यांजवळ धरून बघा.

बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट देतो. त्यामुळे केबल लावताना-काढताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. झटका बसेल असं नाही, बॉक्स जाईल.

एलएनबीच्या मानेवर अंशांच्या खुणा असतात. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड करा आणि तुमच्या गावाच्या तिसऱ्या आकड्याएवढा एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. केबलचा कनेक्टर सरळ खाली असणं ही ज्याची शून्य स्थिती आहे, अशा एलएनबीत मुंबई-पुण्याकडे तो साडेचारच्या काट्यावर येईल. समोरून पाहिलं तर साडेसातच्या. हे फिरवणं पुष्कळजण सोडून देतात. उपग्रह दोन लहरी एकमेकींना काटकोनात पाठवतो, उभी आणि आडवी. आपण ज्या जागेवरून तिरकं बघतो तिथून त्या कललेल्या दिसतात. एलएनबी सरळच ठेवला तर दोन्ही थोड्या थोड्या आत शिरतात आणि एकमेकींना बिघडवतात.

बॉक्सची तयारी

वर जाण्याआधी टीव्ही लावून बॉक्सच्या मेनूत ‘इन्स्टॉलेशन’ किंवा ‘डिश सेटिंग’ उघडा. उपग्रह जीसॅट-15 किंवा 93.5 ई निवडा. जुन्या बॉक्समध्ये त्याच जागी इन्सॅट-4बी हे आधीच्या उपग्रहाचं नाव दिसेल, तेही चालेल. एलएनबी युनिव्हर्सल, एलएनबी पॉवर चालू, डायसेक (एकाहून जास्त एलएनबी जोडण्याची सोय) बंद. ट्रान्सपॉण्डर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, त्यावरून चॅनेलचा एक गट येतो) म्हणून 11090 (फ्रिक्वेन्सी), व्हर्टिकल (उभी लहर), 29500 (सिम्बॉल रेट) ठेवा. हे ट्रान्सपॉण्डर अधूनमधून बदलतात. यादीत दुसरे असतील तर एकदोन तपासून पाहा.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. पहिलीकडे फारसं लक्ष देऊ नका. केबल नीट जोडली आणि एलएनबी चालू झाला, की डिश कुठेही बघत असली तरी स्ट्रेंग्थ साठ-सत्तर टक्के दाखवते. तिचा उपयोग एवढाच, की ती शून्य असेल तर केबल किंवा कनेक्टर तपासा. क्वालिटी म्हणजे निवडलेला सिग्नल बॉक्सला खरोखर वाचता येतोय का. सगळा खेळ तिचा.

पूर्वी एकजण गच्चीवर आणि दुसरा खिडकीतून ‘आला... गेला... अरे मागे घे!’ असं अख्ख्या आळीला ऐकवायचा. आता टीव्हीसमोर एक फोन व्हिडिओ कॉलवर उभा करून ठेवा आणि दुसरा वर घेऊन जा. त्याहून बरं म्हणजे छोटा टीव्ही आणि बॉक्सच एक्स्टेन्शन बोर्ड लावून गच्चीवर नेणं, कारण कॉलमध्ये एकदोन सेकंदांचा उशीर होतो.

शोध

दिशा फोनच्या होकायंत्राने बघता येईल, पण गच्चीवर स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याची टाकी, स्वतः डिशचा पाइप, सगळं लोखंड त्याला भुलवतं. म्हणून पाइपपासून चार पावलं मागे, शक्य तर जमिनीवर उभं राहून दिशा घ्या. दोनतीन जागी मोजून एकच उत्तर येतंय का ते पाहा. मग त्या दिशेला दूरवर काहीतरी ठरवा: टॉवर, देवळाचा कळस, डोंगराची खिंड. वर गेल्यावर होकायंत्र खिशात ठेवा आणि डिशचा हात त्या खुणेच्या रेषेत आणा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्याची चिंता नको.

उंचीचा कोन ब्रॅकेटवरच्या आकड्यांवर लावा. आकडे नसतील तर असं करा. ही ऑफसेट डिश आहे, म्हणजे तिचं तोंड दिसतं त्याच्या साधारण 24 अंश वरचं ती पाहते. डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ पट्टी धरा. ती उभ्या ओळंब्यापासून 33 ते 37 अंश मागे कललेली असली की सुरुवातीला झालं. नवख्याला डिश फार खाली बघतेय असं वाटतं आणि तो ती आणखी वर करून बसतो. तसं करू नका.

आता डिश खुणेच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, हातभर वळवा आणि तिथून दक्षिणेकडे हळूहळू आणा. एका वेळी कडेला अर्धा सेंटिमीटर. मग हात काढून दोनतीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत गेलात तर उपग्रह येऊन निघून गेलेला तुम्हाला कळणारही नाही. पूर्ण फेरीत काहीच आलं नाही तर उंची दोन अंश वाढवा आणि पुन्हा फिरवा, मग मूळ कोनापेक्षा दोन अंश कमी करून पाहा. पाइप ओळंब्यात असेल तर या तीन फेऱ्यांत क्वालिटी कुठेतरी उडी मारतेच.

उडी मारली की आधी खात्री. ऑटो स्कॅन करा. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी सह्याद्री अशी नावं आली की जीसॅट-15 सापडला. सगळेच चॅनेल कुलूपबंद दिसले किंवा ओळखीचं एकही नाव नाही, तर बहुधा तुम्ही 95 किंवा 91.5 अंश रेखांशावरच्या उपग्रहावर आहात. 95 वर असाल तर मुंबई-पुण्याकडे सव्वादोन अंश दक्षिणेकडे आणि सव्वा अंश वर सरका, 91.5 वर असाल तर थोडं पूर्वेकडे आणि खाली.

बारीक जुळवणी

चित्र दिसतंय. घरातले खालून ‘झालं, या आता’ म्हणतील. उतरू नका.

डिश पूर्वेकडे सरकवत न्या, क्वालिटी एका ठरावीक आकड्यापर्यंत, समजा 40 पर्यंत, उतरली की पाइपवर पेन्सिलने रेघ मारा. मग पश्चिमेकडे सरकवा, क्वालिटी चढेल आणि पुन्हा उतरून 40 वर येईल. तिथे दुसरी रेघ. डिश दोन रेघांच्या बरोबर मध्ये आणा. शिखर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा हे फार भरवशाचं, कारण शिखराजवळ आकडा सपाट असतो आणि बॉक्स बऱ्याच जागांवर एकच संख्या दाखवत राहतो. उंचीसाठीही तसंच: वर 40, खाली 40, आणि मध्य. एकदा उंची बसली की दिशा पुन्हा एकदा तपासा.

शेवटी एलएनबी. त्याचा क्लॅम्प सैल करून दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश फिरवा, क्वालिटी जिथे सर्वांत जास्त तिथे थांबा. काही वेळा इथेच दहा टक्के मिळून जातात.

बोल्ट आवळताना डिश हमखास हलते, म्हणून एक बोल्ट पूर्ण पिळून मग दुसरा, असं करू नका. अर्धा फेरा इकडचा, अर्धा तिकडचा, आणि डोळा क्वालिटीवर. आवळल्यावर आकडा उतरला तर सैल करून पुन्हा. मग डिशच्या कडेवर बोटाने दाबून बघा: कोणत्याही बाजूला दाबल्यावर क्वालिटी खालीच जायला हवी. एखाद्या बाजूला दाबल्यावर ती वाढली, तर नेम अजून तिकडे आहे.

हे सगळं कोरड्या, स्वच्छ दिवशी करा. जोरदार पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात, ते कुणालाच टाळता येत नाही. ढगफुटीसारखा पाऊस असेल तेव्हा उत्तम लावलेली डिशही काही मिनिटं गप्प बसते. पण नुसत्या रिपरिपीत ती बंद पडत असेल, तर हातात जास्तीचा सिग्नलच नाही. तो मिळवण्यासाठीच वरची अर्ध्या तासाची झटापट.

पाणी

पाणी केबलमधून चालत येतं. एलएनबीच्या कनेक्टरवर रबर टेप ताणून गुंडाळा, त्याचं रबरी टोपण असेल तर तेही सरकवा. साधी चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते. केबल डिशच्या हाताला बांधताना कनेक्टरच्या आधी खाली झुकणारा एक झोल ठेवा, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील. घरात शिरण्याआधीही तसाच झोल, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल दारा-खिडकीच्या फटीत चेपू नका, कोपऱ्यात काटकोनात मोडू नका. वीज कडाडायला लागली की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

नंतर बिघडलं तर

एका दमात सगळं गेलं आणि स्ट्रेंग्थही शून्य असेल तर डिश निर्दोष आहे. केबल, कनेक्टर किंवा एलएनबी बघा. कनेक्टर उघडल्यावर आत हिरवी बुरशी दिसली तर पाणी शिरलंय, तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावा. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, आणि आदल्या रात्री वारा होता, तर डिश हलली. पेन्सिलच्या रेघांवरून ती दोन मिनिटांत जागेवर येते. काही चॅनेल दिसतात आणि काही फुटतात तेव्हा आधी एलएनबीचा तिरकेपणा आणि मग नेम तपासा. एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीने घर केलेलंही पुष्कळदा आढळतं, ते ओल्या फडक्याने पुसून काढा.

बाकी सगळं ठीक असताना एखादंच चॅनेल नाहीसं झालं, तर वर जाऊच नका. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात आणि त्यांचे क्रमांक बदलतात. फॅक्टरी रीसेट न करता नुसता ऑटो स्कॅन करा, पाच मिनिटांत नवी यादी येते.